मोटारीच्या कांचेवरील पाऊस

मोटारगाडीच्या समोरच्या कांचेवर डावीउजवीकडे हलणारीं तीं दोन काळीं पातीं, ज्यांस आपण वायपर म्हणतों, हा कांहीं इतिहासाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल. इंजिनाचा इतिहास लिहिला जातो, चाकाचा लिहिला जातो, रस्त्यांचाहि लिहिला जातो. वायपरची आठवण मात्र तो बंद पडल्यावांचून आपणांस होत नाहीं, आणि तो बंद पडतो तो भर पावसांतच. उन्हाळ्यांत तो बिघडला असला तरी कळणार कसा?

मलाहि ही आठवण अशीच झाली. कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतील एका रात्रीं मुंबईहून पुण्यास निघालों होतों. गाडी वारशानें आलेली, साठ वर्षांहून अधिक वयाची, इंग्लिश बनावटीची. तिचें नांव सांगत नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत तिच्या कर्त्यांचा दोष नव्हता. शेजारीं माझी वृद्ध आत्या बसली होती. खोपोली मागें टाकून गाडी घाट चढूं लागली आणि वायपरचा वेग मंदावला. एक फेरा, मग दम घेतल्यासारखा विराम, मग अर्धा फेरा. आणि शेवटीं दोन्ही पातीं कांचेच्या ऐन मध्यावर उभीं राहिलीं. पाऊस असा कीं दिव्यांचा प्रकाश चार हातांवर विरून जात होता. मी खिडकी उतरवून डोकें बाहेर काढणार इतक्यांत आत्या ओरडली, "अरे, माणूस! माणूस आहे तिथें!" पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला एक मनुष्य सायकल हातांत धरून रस्त्याच्या कडेनें चढत होता. त्याच्या सायकलीला दिवा नव्हता. गाडी त्याच्यापासून वीतभर अंतरावरून गेली. त्यानें वळूनहि पाहिलें नाहीं. त्या रात्रीं आपल्या जिवावर काय बेतलें होतें हें त्यास आजतागायत ठाऊक नसेल.

पुढें जागा मिळतांच गाडी कडेला घेऊन आम्ही बसून राहिलों. अर्ध्या तासानें मीं सहज खटका दाबून पाहिला तों वायपर कांहींच न घडल्याप्रमाणें चालूं लागला! ह्या कोड्याकडे मी पुढें येईन. कारण त्याच कोड्यामुळें मी ह्या विषयाच्या इतिहासांत शिरलों, आणि शिरतांच मला आढळून आलें कीं, वायपरच्या धंद्यांतील एका मोठ्या कारखान्याचा जन्म अशाच एका पावसाळी रात्रींतून व अशाच एका सायकलस्वारांतून झाला आहे.

पण त्याआधीं एका बाईंचें नांव घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत राहणाऱ्या मेरी अँडरसन ह्या १९०२-०३ च्या हिंवाळ्यांत न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रॅमगाडींतून जात असतां त्यांनीं पाहिलें कीं, बाहेर गारठलेला पाऊस पडत आहे आणि ट्रॅम हांकणाऱ्यानें समोरची कांच उघडी टाकली आहे. कारण ती लावली तर दिसत नाहीं, आणि उघडली तर बोचरा वारा व ओलें बर्फ सरळ तोंडावर येतें. तोंडावर घेणें त्यानें पत्करलें होतें. शेंकडों उतारूंनीं तें दृश्य रोज पाहिलें असेल. ह्या बाईंनीं मात्र घरीं परत गेल्यावर एक आकृति काढून घेतली: आंतल्या बाजूस एक दांडा, तो फिरविला कीं बाहेरच्या बाजूस रबर बसविलेली एक भुजा कांचेवरून फिरावी, आणि ती कांचेला चिकटून राहावी म्हणून तिला एक वजन जोडावें. उन्हाळ्यांत सारें सामान काढून ठेवतां यावें अशीहि सोय त्यांनीं केली होती. १० नोव्हेंबर १९०३ रोजीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. त्याच वर्षीं ह्याच दिशेनें इतरांचेहि प्रयत्न चालले होते. पण दांडा, भुजा आणि दाब ह्या तीन गोष्टी आजच्या वायपरमध्येंहि त्याच आहेत.

१९०५ सालीं त्यांनीं हें पेटंट विकण्यासाठीं कॅनडांतील एका पेढीस लिहिलें. त्यांत व्यापारी मोल कांहीं नाहीं असें उत्तर आलें. पेढीला हंसण्यांत अर्थ नाहीं. त्या काळीं रस्त्यावर मोटारी होत्या किती? फोर्डचें टी मॉडेल निघालें तें १९०८ सालीं. मोटारींचा पूर आला तोंवर सतरा वर्षांची मुदत भरून १९२० सालीं पेटंट संपलें होतें. बाईंस त्यापासून एक पैहि मिळाली नाहीं. त्या १९५३ पर्यंत जगल्या, म्हणजे प्रत्येक गाडीवर वायपर पाहूनच गेल्या. अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय दालनांत त्यांचें नांव दाखल झालें तें २०११ सालीं. जर्मनींत कैसरचा भाऊ प्रिन्स हाइनरिख ह्यानेंहि १९०८ सालीं हातानें चालविण्याच्या वायपरचें पेटंट घेतलें होतें. राजपुत्रालाहि पावसानें सोडलें नाहीं एवढाच त्याचा अर्थ.

आतां ती पावसाळी रात्र. न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो गांवीं जॉन ओइशेइ नांवाचे गृहस्थ एका नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. १९१६ च्या सुमारास पावसांत गाडी चालवीत असतां त्यांची गाडी एका सायकलस्वारास धडकली. त्यास फारशी इजा झाली नाहीं. परंतु तो आपणांस दिसलाच नाहीं ही गोष्ट ओइशेइ ह्यांच्या मनांतून जाईना. त्या वेळच्या गाड्यांची समोरची कांच वर एक व खालीं एक अशी दोन फळ्यांची असे. ह्या दोहोंमधील फटींतून हातानें सरकविण्याची एक रबरी पुसणी त्यांच्याच गांवीं एकानें तयार केली होती. ओइशेइ ह्यांनीं ती हातीं घेतली, १९१७ सालीं कंपनी काढली, आणि पुढें ट्रायको ह्या नांवानें ती जगभर पसरली. नाटकाचा धंदा सोडून मनुष्य रबर विकूं लागला ह्याचें लोकांस नवल वाटलें असेल. मला तें वाटत नाहीं. आत्याची ती हांक अजून माझ्या कानांत आहे.

हातानें चालविण्याच्या वायपरची अडचण उघड आहे. एक हात सुकाणूवर, एक गिअरवर. तिसरा कोठून आणावा? त्यावर एक उपाय निघाला तो मोठा मौजेचा. क्लीव्हलंड शहरांतील फोलबर्थ बंधूंनीं इंजिनाच्याच श्वासावर वायपर चालविण्याची युक्ति काढली. इंजिन हवा आंत ओढतें तेव्हां त्याच्या शोषनळींत निर्वात उत्पन्न होतो. त्या नळीपासून एक बारीक रबरी नळी काढून ती एका छोट्या पेटींत नेली, आणि पेटींत एक फळी अशी बसविली कीं ओढ कधीं तिच्या ह्या बाजूस तर कधीं त्या बाजूस लागावी; म्हणजे फळी झुलूं लागते आणि तिच्याबरोबर वायपरहि. वीज नको, कांहीं नको. ही कल्पना पुढें ट्रायकोकडे आली, आणि अमेरिकन गाड्यांवर ती कित्येक दशकें टिकून राहिली. त्यांतील शेवटच्या गाड्या १९७० नंतरच्याहि आढळतात.

मात्र ह्या युक्तींत एक खोड होती, आणि ती घाटांतल्या माणसास विशेष जाणवणारी होती. इंजिन संथ चालत असतां शोषनळींतील ओढ पाऱ्याच्या सतरा ते एकवीस इंचांपर्यंत असते. चढ आला, पाय दाबून इंजिनास पुरी हवा दिली, कीं ती ओढ जवळजवळ नाहींशी होते. म्हणजे गाडी जोर लावते तेव्हां वायपर मरतो, आणि उतारावर पाय उचलला कीं तोच वायपर वेड्यासारखा फडफडूं लागतो. १९२८ सालीं जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. तेव्हांपासून अमेरिकन गाड्या आपल्याकडील रस्त्यांवर बऱ्याच दिसूं लागल्या. अशी गाडी श्रावणांत बोरघाट चढवितांना चालकास मधूनमधून पाय उचलून इंजिनाला क्षणभर उसंत द्यावी लागे, एक दोन फेरे पदरांत पाडून घ्यावे लागत आणि पुन्हां पाय दाबावा लागे. ह्यावर तोडगा म्हणून पेट्रोलच्या पंपाला जोडूनच निर्वाताचा एक जादा पंप देण्याची चाल निघाली. त्यानें सुधारणा झाली, खोड गेली नाहीं.

असली गाडी आज कोणाच्या पदरीं असेल आणि तिचा वायपर रेंगाळत असेल, तर पेटी उघडण्याआधीं नळी पाहावी. इंजिन चालू ठेवून नळीचें टोंक काढावें व त्यावर अंगठा ठेवावा. ओढ जोराची लागली, तर दोष पेटींत आहे. आंतील फळीच्या कडेचें चामडें सुकलेलें असतें आणि योग्य तेलानें तें पुष्कळदां जिवंत होतें. ओढ लागली नाहीं, तर नळीस भेग असावी. आणि नळी चिमटीत धरून बंद करतांच इंजिन अधिक सुरळीत चालूं लागलें, तर हवेची गळती ह्याच वाटेनें होत आहे असें खुशाल समजावें. नळी नवी घालूनहि ओढ क्षीणच राहिली, तर मात्र वायपरला बोल लावूं नये. इंजिनच म्हातारें झालें आहे. वायपरच्या नाडीवरून इंजिनाची प्रकृति कळावी हें ह्या जुन्या यंत्राचें वैशिष्ट्य होतें.

युरोपानें विजेचा मार्ग धरला. जर्मनींत बॉशनें १९२६ सालीं विजेचा वायपर बाजारांत आणला. इंग्लंडांत लुकासनें पुढें जी रचना रूढ केली ती फार चतुर होती. विजेची मोटर बॉनेटखालीं सोयीच्या कोपऱ्यांत बसवावयाची. तिच्या फिरण्याचें गिअर व दांडा ह्यांच्या योगें पुढेंमागें सरकण्यांत रूपांतर करावयाचें. आणि जिच्यावर दुसरी तार मळसूत्रासारखी गुंडाळलेली आहे अशी एक लवचिक तार नळींतून कांचेखालीं न्यावयाची. कांचेखालीं दोन लहान डब्या असतात, त्यांत दांत्यांचीं चाकें. तार सरकली कीं तिचे वेढे ह्या दांत्यांत अडकून चाकें अर्धवट फिरतात, आणि त्यांच्या आंसावर बसविलेलीं पातीं कांच पुसतात. इतर गाड्यांतून तारेच्या जागीं सांधलेल्या पट्ट्या असतात. आपल्याकडे कुर्ल्याच्या फियाट-पद्मिनीनें आणि उत्तरपाऱ्याच्या ॲम्बॅसॅडरनें विजेचा वायपर मध्यमवर्गाच्या घरांत आणला. ॲम्बॅसॅडर २०१४ सालीं निघावयाची थांबली आणि मुंबईच्या रस्त्यावरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. पण हौशी लोकांनीं जतन केलेल्या गाड्या अद्याप पावसांत निघतातच.

आतां माझें कोडें. मीं गाडी एका गॅरेजांत नेली. त्यांनीं मोटर बदलली. वायपर तीन आठवडे उत्तम चालला आणि पुन्हां एका संततधारेंत उभा राहिला. त्यांनीं दुसरी मोटर घातली. पुन्हां तेंच. दोन मोटरींचे पैसे देऊन झाल्यावर मी गाडी एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेलों. त्यांनीं सगळी हकीकत ऐकून घेतली व फक्त एक प्रश्न विचारला, "साहेब, बंद पडल्यावर अर्ध्या तासानें आपोआप चालतो ना?" मी होय म्हणतांच ते म्हणाले, "मग मोटर बदलूं नका. आधीं तिला एकटी चालवून पाहूं."

त्यांची पद्धत अशी होती. प्रथम त्यांनीं तार मोटरपासून सोडविली व मोटर एकटी चालविली. ती भुंग्यासारखी गुणगुणत फिरली. मोटरच बिघडलेली असती, म्हणजे आंतील कार्बन झिजले असते किंवा ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कॉम्युटेटर काळा पडला असता, तर ती एखाद्या जागीं अडकली असती आणि वरून टिचकी मारल्यावर किंवा पात्याला हात लावल्यावर निघाली असती. तसें कांहीं झालें नाहीं. मग त्यांनीं पातीं व भुजा काढून ठेवल्या आणि तारेच्या टोंकाला स्प्रिंगचा तराजू लावून ती ओढून पाहिली. जुन्या दुरुस्ती-पुस्तकांतून ह्यास सहा पौंडांहून अधिक जोर लागूं नये असें दिलेलें असतें. इथें कांटा त्याच्या दुपटीवर गेला. नळींतील ग्रीस वाळून लाखेसारखें झालें होतें आणि चालकाच्या बाजूचा आंस गंजानें आंवळला होता. मी म्हणालों, "सांपडलें तर!" मिस्त्रींनीं मान हलविली. "अर्धें सांपडलें," ते म्हणाले.

बाकीचें अर्धें त्यांनीं व्होल्टमीटरनें शोधलें. कांच ओली करून, सर्व कांहीं पूर्ववत् जोडून व समोरचे दिवे लावून त्यांनीं वायपर चालू केला. कांच ओली करावयाचीच, कारण कोरड्या कांचेवर रबराचें घर्षण फार वाढतें आणि चांगला वायपरहि रोगी दिसतो. बॅटरीवर बारा व्होल्टांहून किंचित् अधिक दाब होता. मोटरपाशीं तोच साडेनऊच्या आसपास भरला. अडीच तीन व्होल्ट वाटेंत कोठें तरी गळत होते. त्यांनीं मीटरची एक तार धरून वाट टप्प्याटप्प्यानें तपासली. बॅटरीपासून फ्यूजपर्यंत ठीक, फ्यूजपासून मोटरपर्यंत ठीक, मोटरपासून खटक्यापर्यंतहि ठीक. ह्या जुन्या इंग्लिश गाड्यांतून पुष्कळदां वायपरचा खटका मोटरच्या पुढें नसून मागें, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे परत जाणाऱ्या तारेंत असतो. ती परतीची तार एका स्क्रूखालीं पत्र्याला आवळलेली होती, आणि गाडीला कधीं काळीं नवा रंग देतांना रंगाऱ्यानें स्क्रू काढून, रंग मारून, रंगावरच तो पुन्हां बसविला होता! तांबें आणि लोखंड ह्यांच्या मध्यें रंगाचा पापुद्रा. स्क्रूच्या आट्यांतून जेवढी वीज झिरपेल तेवढीच.

दोन्ही अर्धीं एकत्र केलीं म्हणजे कोडें सुटतें. तो सांधा अर्ध्या ओहमचा अडथळा करीत होता असें धरूं. मोटर मोकळी असतां ती तीनेक अँपिअर वीज घेते. म्हणजे सांध्यांत दीड व्होल्ट जातो, आणि एवढी घट ती सोशीत होती. पण आंस आंवळलेला, ग्रीस वाळलेलें, वर पावसाचा व वाऱ्याचा मारा. मोटरला जोर अधिक लावावा लागला, ती सहा अँपिअर घेऊं लागली. सांध्यांत तीन व्होल्ट जाऊं लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे तेथें होणारी उष्णता दुप्पट नव्हे, चौपट झाली. सांधा तापला कीं अडथळा वाढतो. अडथळा वाढला कीं मोटर मंदावते. मंदावली कीं तीहि तापते. अर्ध्या पाऊण तासांत हें चक्र पुरें होऊन ती उभी राहावयाची. अर्धा तास थांबलों कीं सारें निवावयाचें आणि खटका दाबतांच चालू. नवी मोटर ताज्या दमाची, म्हणून तिनें तीन आठवडे रेटलें. घराच्या अंगणांत दोन मिनिटें चालवून पाहिलें तर दोष कधींच दिसत नसे, आणि गॅरेजवाल्यांनीं प्रत्येक वेळीं नेमकें तेवढेंच केलें होतें.

दुरुस्ती थोडक्यांत सांगतों. स्क्रूखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला. शिवाय खटक्यापासून पत्र्याकडे वीतभर नवी तार दुसऱ्या जागीं आवळली. नळी धुवून नवें ग्रीस भरलें. डब्यांतील चाकांचे एकाच बाजूचे दांते झिजले होते, कारण पातें अर्धाच फेरा मारतें. चाकाचा निम्मा भाग जन्मभर रिकामा बसलेला असतो. मिस्त्रींनीं तीं चाकें उलटीं फिरवून ताजे दांते तारेच्या तोंडीं दिले. पातें फेरा संपल्यावर आपल्या जागीं जाऊन थांबण्यासाठीं मोटरच्या टोपणाखालीं एक लहानसा खटका असतो. तो सरकलेला असला तर पातें भलत्याच ठिकाणीं थांबतें किंवा थांबतच नाहीं. तोहि त्यांनीं किंचित् फिरवून बसविला. सर्वांत शेवटीं त्यांनीं रबराकडे पाहिलें. पात्याचें रबर परतीच्या फेऱ्यांत दुसऱ्या अंगावर लवलें पाहिजे. तें ताठ झालें असेल किंवा भुजा पिळवटली असेल तर पातें एका दिशेस पुसतें आणि दुसऱ्या दिशेस कडकड उड्या मारीत जातें. बाजारांत लोक ह्याच आवाजाला भिऊन मोटर बदलतात.

विजेच्या वायपरची पुढची पायरी म्हणजे थांबून थांबून चालणारा वायपर. तिचा इतिहास अमेरिकेच्या न्यायालयांत घडला. डेट्रॉइट येथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट कर्न्स ह्यांचा डावा डोळा १९५३ सालीं, त्यांच्या लग्नाच्या रात्रीं, शँपेनच्या बाटलीचें बूच उडून लागल्यामुळें जवळजवळ निकामी झाला होता. पुढें रिमझिम पावसांत गाडी हांकतांना एकसारखें हलणारें पातें त्या अधू दृष्टीस असह्य होई. डोळ्याची पापणी जशी थांबून थांबून लवते, तसा वायपर कां लवूं नये? वीज हळूहळू सांठवून एकदम सोडणारा एक संधारित्र व कांहीं थोडे इलेक्ट्रॉनिक भाग ह्यांवर त्यांनीं तें साधलें, १९६३ सालीं फोर्ड कंपनीस दाखविलें, १९६४ सालीं पेटंटचा अर्ज केला आणि १९६७ सालीं तें मिळालें. फोर्डनें १९६९ सालीं असा वायपर आपल्या गाड्यांवर आणला; कर्न्स ह्यांच्याशीं करार मात्र झाला नाहीं. १९७८ सालीं त्यांनीं दावा लावला. कंपनीचें म्हणणें असें कीं, ह्यांत नवें कांहीं नाहीं, सगळे भाग बाजारांतले आहेत. त्यांवर कर्न्स ह्यांचें उत्तर असें कीं, त्या भागांची जुळणीच नवी आहे. १९९० सालीं पंचांनीं पेटंटाचा भंग झाला, पण तो हेतुपुरस्सर नव्हे, असें ठरविलें, आणि एक कोटि दोन लक्ष डॉलरवर तडजोड झाली. क्राइस्लरविरुद्धचा दावाहि त्यांनीं जिंकला. तो त्यांनीं बहुतांशीं स्वतःच चालविला. ह्या सर्वांत त्यांचा संसार मोडला. ते २००५ सालीं वारले. मेरी अँडरसन ह्यांस मुदतीनें फसविलें, कर्न्स ह्यांस मुदत संपल्यानंतर कां होईना, जय मिळाला. दोघांत अधिक सुखी कोण झालें हें मला सांगतां येणार नाहीं.

माझ्या गाडीला ही पुढची सोय अर्थात् नाहीं. एकच वेग, चालू किंवा बंद. गेल्या आषाढांत आम्ही पुन्हां त्याच रस्त्यानें, मुद्दाम रात्रींच, निघालों. खोपोलीच्या पुढें पाऊस सुरू झाला. पातीं एका लयींत फिरत होतीं, आणि प्रत्येक फेऱ्यामागें रस्ता स्वच्छ दिसत होता. आत्या बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग तें वळण आलें, तेव्हां पुढें वांकून रस्त्याच्या कडेकडे पाहत ती म्हणाली, "हळू घे रे. तो सायकलवाला असला तर दिसायला हवा."